कोकण टूरसाठी सायकलचं कुलूप: ७० ग्रॅम ते दीड किलो

सायकलच्या कुलपाच्या पाकिटावर वजन मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, सुरक्षेची पातळी त्याहून मोठ्या. टूरला निघणाऱ्याला सगळ्यात आधी लागणारा आकडा मात्र मागच्या बाजूला बारीक टाइपात सापडतो. तो म्हणजे लांबी. रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्गाने जाताना सायकल बांधायला काय काय मिळतं? खानावळीच्या पडवीचा खांब, देवळाबाहेरचं रेलिंग, विजेचा खांब, रस्त्यावरच्या फलकाचा पाइप आणि माड. ६ सेंटिमीटर जाडीचा पाइप आणि सायकलची साडेतीन सेंटिमीटरची सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) एकत्र वेढायला २५ सेंटिमीटर पुरतात. १५ सेंटिमीटर जाडीचा गोल खांब असेल तर ५१ लागतात. २८ सेंटिमीटर जाडीच्या माडाला ९१. एवढं गणित मांडलं की निम्म्या कुलपांचा निकाल तिथेच लागतो. ४० सेंटिमीटरचं कुलूप पाइप आणि रेलिंगपुरतं, ७५ चं खांबापर्यंत, आणि माडाला या दोन्हींपैकी एकही नाही. (माडाखाली सायकल न लावण्याला कुलपापेक्षा भक्कम कारण आहे, ते वरून पडतं.)

पुढचं सगळं एका ठरावीक टूरसाठी लिहिलं आहे: आठ-दहा दिवस, रोज ६० ते ८० किलोमीटर, मुक्काम घरगुती निवासात किंवा लॉजवर, तंबू नाही, मागच्या कॅरिअरवर दोन पॅनिअर (बाजूला लटकणाऱ्या पिशव्या). अशा टूरमध्ये सायकल एकटी राहते ती चहाला दहा मिनिटं, जेवायला अर्धा तास, देवळात किंवा किल्ल्यावर तासभर. रात्री ती खोलीत हवी, निदान कडी-कुलपाच्या आत हवी. ही अट पाळता येणार नसेल तर हलक्या कुलपाचा विचार सोडून द्या. खोली ठरवताना फोनवर "एसी आहे का" याच्या आधी "सायकल आत घेऊ द्याल का" हे विचारायचं. बरेच जण हो म्हणतात, फक्त चाकांची लाल माती धुऊन आणा म्हणतात, आणि ते रास्तच आहे.

दिवसाच्या थांब्यांवर धोका नेमका कुणाचा, हेही ठरवून घ्यावं. बॅटरीवरचा ग्राइंडर घेऊन कुणी केळशीच्या खानावळीबाहेर तुमची वाट बघत बसलेलं नसतं. धोका असतो तो गंमत म्हणून चक्कर मारायला निघालेल्या पोराचा, किंवा गर्दीत मोकळी दिसलेली सायकल उचलून टेम्पोत टाकणाऱ्या भुरट्या चोराचा. पहिल्याला कुठलंही कुलूप पुरतं. दुसऱ्याला अडवायचं तर सायकल कशाला तरी बांधलेली हवी. म्हणून जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या चाकावर असतं ते गोल कुलूप इथे कामाचं नाही. वीस किलोची ती सायकल कुणी खांद्यावर टाकून नेत नाही. अकरा-बारा किलोची हायब्रिड चाक बंद असलं तरी सहज उचलली जाते.

दुकानातला वायर लॉक

सायकलच्या दुकानात नुसतं "लॉक द्या" म्हटलं की हातात पडतं ते हेच: रंगीत प्लास्टिकचं आवरण, आत पिळाची वायर, टोकाला किल्ली किंवा चार आकडे. वर "१२ एमएम" लिहिलेलं असतं, पण ही जाडी आवरणासकट. आतली वायर साधारण तिच्या निम्मी. शिवाय ती सलग सळई नाही, बारीक तारांचा पीळ आहे. साध्या पकडीनेही थोड्या थोड्या तारा तोडत आरपार जाता येतं, केबल कटर असेल तर एका दाबात काम होतं. दीड मीटरचं असं कुलूप ४००-५०० ग्रॅम भरतं. खाली येणाऱ्या दीडशे ग्रॅमच्या पट्टीइतकंच संरक्षण, वजन तिप्पट.

एक गुण मात्र त्याच्याकडे आहे: लांबी. दीड मीटरमध्ये माडही येतो आणि तीन सायकलीही. तिघं-चौघं एकत्र जात असाल तर गटात मिळून असा एकच वायर लॉक नेणं हिशेबाचं ठरतं. माणशी सव्वाशे-दीडशे ग्रॅम पडतात, आणि तीन-चार सायकली एकमेकींत अडकवल्या की तो गठ्ठा कुणाला उचलता येत नाही, मग खांब असो वा नसो. एकट्याने नेऊ नये.

याचं धाकटं भावंड म्हणजे डबीत गुंडाळली जाणारी वायर. ॲबसचं कॉम्बिफ्लेक्स या प्रकारातलं प्रसिद्ध. वायर फक्त १.६ मिलिमीटरची, लांबी ६५ सेंटिमीटरपासून पुढे, आणि डबी शर्टाच्या खिशात मावते. बऱ्यापैकी पकडीने ती एका झटक्यात तुटते, तेव्हा सायकलसाठी नको. हेल्मेट आणि पॅनिअरच्या मुठी कॅरिअरला ओवून ठेवायला मात्र याच्याइतकं सोयीचं काही नाही. किनाऱ्यावर वाळूत टाकू नका. डबीतल्या स्प्रिंगमध्ये कण गेले की वायर परत आत जात नाही.

झिप आणि पट्टी

हिपलॉकचं झेड लॉक दिसायला इलेक्ट्रिशियनच्या केबल टायसारखं. आत स्टीलची पट्टी, वर नायलॉन, लांबी ४० सेंटिमीटर. तीन आकड्यांचं कॉम्बो सुमारे ७० ग्रॅमचं. किल्लीच्या मूळ झेड लॉकबद्दल एक गोष्ट घेण्याआधी कळायला हवी: त्याची किल्ली सगळ्यांना सारखीच असते. एकाची किल्ली दुसऱ्याला लागते. गावातल्या चहाच्या टपरीवर याने काही बिघडत नाही, पण दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये (ठरलेल्या वेळात पुरी करायच्या लांब सायकलफेरीत) कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या थांब्यावर, लागलेल्या सायकलींपैकी दहा जणांकडे तेच कुलूप असू शकतं. सायकलस्वार चोरी करत नाहीत यावर विश्वास असेल तर प्रश्न नाही. नसेल तर नंबरवालं घ्या.

४० सेंटिमीटरमध्ये पाइप, सीट ट्यूब आणि जमलंच तर मागच्या चाकाची रिम. रेलिंग नसलेल्या गावात हे कुलूप फक्त चाक आणि फ्रेम एकमेकांना बांधण्यापुरतं उरतं, म्हणजे पुन्हा जुन्या गोल कुलपासारखंच. तरीही दुसरं कुलूप म्हणून ते नेण्यासारखं आहे. ७० ग्रॅम कुठे जाणवत नाहीत.

पट्टीच्या प्रकारात ऑटोलॉकचं नाव सगळ्यात जास्त गाजलं. अमेरिकेतल्या ओरेगॉनची कंपनी, स्टीलच्या पातळ पट्ट्यांचे थर, मध्ये केव्लर, वर रबरी आवरण, तीन आकडे. लांबी ४६, ७६ आणि १५२ सेंटिमीटर. ७६ चं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, १५२ चं सुमारे २४०. गुंडाळलं की मुठीएवढं होतं. २०१८ मध्ये पत्रा कापायच्या कात्रीने ते दोन-तीन सेकंदांत कापल्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरले आणि त्याचं हसं झालं. व्हिडिओ खोटे नव्हते. पट्टी चपटी आहे, आणि पत्र्याची कात्री चपटं कापायलाच बनवलेली असते. पण गोल वायरसाठी बनवलेल्या कटरच्या तोंडात तीच रुंद पट्टी नीट बसत नाही. त्यामुळे चोराच्या पिशवीत कुठलं हत्यार आहे यावर सगळं येतं. वायर तोडणारी पक्कड घराघरात असते. पत्र्याची कात्री डक्ट आणि शेडचं काम करणाऱ्यांकडे असते.

या टूरसाठी पहिली पसंती ७६ सेंटिमीटरच्या पट्टीला. विजेच्या खांबाला ती पुरते, खिशात मावते, आणि दीडशे ग्रॅममध्ये याहून लांब व चिवट काही मिळत नाही. वापरताना दोन गोष्टी सांभाळायच्या. बांधल्यावर टोक ओढून सगळी ढील काढायची, कारण सैल लोंबणाऱ्या पट्टीत कात्री आरामात शिरते आणि घट्ट बसलेल्या पट्टीखाली तिचं पातं घुसवायलाच जागा मिळत नाही. दुसरं, पट्टी फ्रेमवर घासून रंग जातो; ज्या जागी ती नेहमी बसते तिथे जुन्या ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा गुंडाळून टाका.

जड मंडळी

ॲबसचं बोर्डो ६००० घडीचं कुलूप: ५ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्ट्या रिव्हेटने जोडलेल्या, ९० सेंटिमीटर लांबी, वजन सव्वा किलोच्या आसपास. लाइट नावाची आवृत्ती साधारण निम्म्या वजनाची. घडी घालून बाटलीच्या जागी स्क्रूवर लागतं, ही मोठी सोय. पण उन्हाळ्याच्या टूरमध्ये पाण्याची एक बाटली त्यासाठी घालवणं परवडत नाही, तेव्हा जागा आधी बघा. कमजोरी रिव्हेटमध्ये आहे, कापायला किंवा पिळून तोडायला तिथेच सुरुवात होते. टूरची सुरुवात-शेवट मुंबई-पुण्यात असेल आणि एखादी रात्र सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये काढणार असेल, तर लाइट बोर्डो नेण्यात अर्थ आहे. एरवी जास्तच होतं.

यू लॉक आणखी मजबूत. क्रिप्टोनाइटच्या इव्होल्यूशन मिनी-७ चा दांडा १३ मिलिमीटरचा कठीण पोलादाचा, वजन दीड किलोच्या आसपास. छोट्या बोल्ट कटरने त्याला काही होत नाही. पण आतली मोकळी जागा ८.३ बाय १७.८ सेंटिमीटर. म्हणजे १५ सेंटिमीटरचा खांब त्यात मावतच नाही, फक्त पाइप आणि रेलिंग. शहरातल्या सायकल स्टँडसाठी बनवलेली वस्तू आहे ती. गावातल्या पडवीच्या खांबापुढे तिचा दीड किलो नुसता वजनाचा राहतो. हलकं यू हवंच असेल तर टायटॅनियमचं टायगर मिनी ४२५ ग्रॅमचं येतं. महाग आहे, इथे दुकानात दिसत नाही, बाहेरून मागवावं लागतं. ग्राइंडरला तोंड देणारी कुलपंही आता निघाली आहेत, हिपलॉकचं डी१००० त्यातलं २०२१ मधलं, वजन जवळपास दोन किलो. लंडनमध्ये रोज ऑफिसला सायकलने जाणाऱ्या मराठी माणसाने ते जरूर घ्यावं. कुंभार्ली घाट चढणाऱ्याने नाही.

पाकिटावरच्या पातळ्यांबद्दल एवढंच: ॲबस १५ पर्यंत मोजतं, क्रिप्टोनाइट १० पर्यंत. दोन्ही पट्ट्या कंपन्यांच्या स्वतःच्या, तेव्हा एकाची सात दुसऱ्याच्या सातशी जुळवू नये. तुलनेला स्वतंत्र परीक्षा बघायची, म्हणजे ब्रिटनमधली सोल्ड सिक्युअर: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड. दोनशे ग्रॅमच्या आतल्या कुलपांपैकी बहुतेकांकडे यातलं काहीही नसतं.

नंबर की किल्ली

तीन आकड्यांच्या कुलपाचे एकूण १,००० नंबर होतात. सेकंदाला एक या वेगाने सगळे फिरवायला सतरा मिनिटं, सरासरी त्याच्या निम्मी. चार आकड्यांना पावणेतीन तास. हे कागदावर. स्वस्त कुलपात कुणी एवढा वेळ घालवत नाही. टोक ओढून धरलं आणि एकेक चकती फिरवली की योग्य आकड्यावर हाताला किंचित अडकल्यासारखं जाणवतं, आणि सरावाच्या हाताला मिनिटभर पुरतं. दुकानात घेतानाच हे करून बघा. टोक ताणून चकत्या फिरवा. ज्या कुलपात फरक कळतो ते परत ठेवा. बंद केल्यावर सगळ्या चकत्या फिरवायच्या, फक्त शेवटची एक घर पुढे सरकवायची नाही. बहुतेक लोक तेच करतात आणि बहुतेक चोरांना ते ठाऊक असतं.

नंबर बदलता येणाऱ्या कुलपात बदलायची कळ उघड्या अवस्थेतच फिरते, आणि पॅनिअरमध्ये कोंबताना ती चुकून फिरली तर कुलूप भलत्याच नंबरावर बसतं. कळ जागेवर आहे ना हे बंद करण्याआधी बोटाने तपासायचं.

किल्लीच्या कुलपात एकच प्रकार टाळा: गोल नळीच्या आकाराची किल्ली. २००४ मध्ये क्रिप्टोनाइटची अशी कुलपं साध्या बॉलपेनच्या प्लास्टिक नळीने उघडतात हे बाहेर आलं, आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. मोठ्या कंपन्यांनी सायकलींसाठी तो प्रकार सोडला. स्वस्त वायर लॉकमध्ये तो अजून दिसतो. चांगल्या कुलपाची खाचा-खळग्यांची किल्ली तालुक्याच्या गावातल्या किल्लीवाल्याला बनवता येत नाही. तेव्हा दुसरी किल्ली बरोबरच्या माणसाकडे. एकटे असाल तर पॅनिअरच्या अस्तरात शिवून टाका. किल्लीवरचा नंबर घरी लिहून ठेवा, ॲबससारख्या कंपन्या त्यावरून नवी देतात. टूरसाठी आमचं मत नंबरवाल्याच्या बाजूने: समुद्रात उतरलेल्या माणसाच्या खिशातून नंबर पडत नाही.

बांधायचं कसं

फ्रेम आधी, चाक नंतर. पट्टी मागच्या त्रिकोणातून, म्हणजे सीट ट्यूब आणि मागच्या चाकाच्या मधून घालायची, रिमसकट आणि खांबाला वेढून. कुलूप आखूड पडत असेल तर अमेरिकेतले सायकल मेकॅनिक शेल्डन ब्राउन यांनी लोकप्रिय केलेली पद्धत आहे: मागच्या त्रिकोणाच्या आत आलेल्या रिमभोवतीच कुलूप लावायचं, फ्रेमला न वेढता. चाक त्या त्रिकोणातून बाहेर निघू शकत नाही, म्हणून फ्रेमही अडकते. रिम कापून सायकल नेता येते असा आक्षेप घेतात. टायर-ट्यूबसकट रिम कापून नेलेल्या सायकलचं मागचं चाक संपलेलं असतं, चोराला परवडत नाही.

पुढचं चाक आणि सीट यांना कुलूप पोचत नाही. तिथे क्विक रिलीजच, म्हणजे हाताने उघडणारे खटकेच, काढून टाकायचे. चाकांना ५ मिलिमीटर ॲलन कीने लागणारे स्क्यूअर (चाक धरून ठेवणारे दांडे) मिळतात. दोन्ही मिळून ते क्विक रिलीजपेक्षा हलके भरतात, म्हणजे सुरक्षाही वाढते आणि वजनही उतरतं. या सगळ्या यादीत असं दुसरं काही नाही. पंक्चर काढायला ॲलन की लागेल, पण ती तुमच्याकडे असतेच. सीटपोस्टचा क्लॅम्पही बोल्टवाला घ्या. मापासाठी फ्रेमची नळी बाहेरून मोजायची, ३१.८ किंवा ३४.९ मिलिमीटर ही नेहमीची मापं.

सीटच्या बोल्टसाठी एक जुनी युक्ती अजून चालते. ५ मिलिमीटर ॲलन कीच्या खाचेत ३/१६ इंचाचा छर्रा ठोकून बसवायचा आणि वर मेणबत्तीचं मेण ओतायचं. पुढच्या हबचे छर्रे बहुधा याच मापाचे असतात, कुठल्याही सायकलवाल्याकडे मिळतील. काढताना मेण खरवडून लोहचुंबक लावायचं. हे फक्त सीटला. चाकांना केलंत तर भर पावसात पंक्चर काढताना मेण खरवडत बसाल.

एअरटॅगबद्दल हल्ली सगळे विचारतात. ११ ग्रॅम, नाण्याएवढ्या सेलवर वर्षभर चालतो, सीटखाली लपवायला हरकत नाही. पण तो स्वतः कुणाशी बोलत नाही, जवळून गेलेल्या आयफोनमार्फत ठिकाण कळवतो. पुण्यात उपयोगी. दिवसभरात चार आयफोन जाणाऱ्या रस्त्यावर बेभरवशाचा. कुलपाची जागा तो घेत नाही.

खारी हवा आणि लाल धूळ

कोकणात कुलपं तुटून जात नाहीत, गंजून जातात. खारट दमट हवेने आतल्या बारीक स्प्रिंग गंजतात, ओतीव धातूच्या भागांवर पांढरी पूड धरते, आणि वर जांभ्याची लाल धूळ बसते. पहिली चूक म्हणजे किल्लीच्या भोकात तेल सोडणं. तेलावर धूळ चिकटते आणि तिसऱ्या दिवशी आत चिखल होतो. ग्रॅफाइटची पूड किंवा सुकणारं पीटीएफई वंगण वापरा. काही नसेल तर मऊ पेन्सिलचं शिसं किल्लीवर घासून किल्ली आठ-दहा वेळा आतबाहेर करा. किनाऱ्यावर दिवस काढला असेल तर संध्याकाळी कुलूप गोड्या पाण्याने धुऊन, झटकून, पंख्याखाली ठेवायचं. लावताना भोक खाली तोंड करून. नंबरवाल्याच्या सगळ्या चकत्या रोज एकदा पूर्ण फिरवा, न फिरलेली चकतीच अडकते. वायर लॉकचं प्लास्टिक एका जागी फाटलं तर आत शिरलेलं पाणी तिथेच कोंडतं. वायर आतून गंजते आणि बाहेरून दिसत नाही.

वाचलेल्या वजनाचं काय करायचं

बोर्डोऐवजी पट्टी नेली की किलोभर वाचतं. ते वाचलेलं वजन हलक्या टायरवर आणखी वाचवायला जाऊ नका. उलट टायरमध्ये घाला. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये ५ मिलिमीटर जाडीचा पंक्चररोधक थर आहे. ७०० बाय ३५ चा एक टायर पाऊण किलोच्या वर भरतो, चढावर ओढल्यासारखा वाटतो, आणि बाभळीच्या काट्यांनी भरलेल्या कडेच्या पट्टीवरही टिकतो. कमी जड हवा असेल तर साधा मॅरेथॉन. ३२ मिलिमीटरच्या खाली उतरू नये, गावाबाहेरचे तुकडे-तुकडे डांबर त्याला मानवत नाहीत.

व्हॉल्व्ह बघून घ्या. प्रेस्टा (बारीक तोंडाचा) असेल तर पितळी ॲडॉप्टर खिशात हवा, नाहीतर मोटरसायकलच्या पंक्चरवाल्याकडे आणि पेट्रोल पंपावर हवा भरता येणार नाही. श्रेडर (मोटरसायकलसारखा जाड) असेल तर सगळीकडे भरता येते. फक्त पेट्रोल पंपाचा दाब थोड्या थोड्या वेळाने सोडायचा, सायकलच्या ट्यूबला एवढी हवा लागत नाही. ७०० च्या मापाची ट्यूब वाटेत मिळेल असं धरून चालू नका, दोन बरोबर ठेवा. पॅच मात्र गावोगाव लावून मिळतो.

कॅरिअरवर किती किलो चालतात ते त्याच्यावरच कोरलेलं असतं, स्वस्त ॲल्युमिनियमवर नेहमी २५. दोन पॅनिअरमध्ये बारा किलोच्या वर जाऊ नका, तरी हा आकडा महत्त्वाचा, कारण खड्ड्यात आदळताना वजन दुप्पट-तिप्पट लागतं. पोलादी कॅरिअरचा एक फायदा कागदावर दिसत नाही: तुटला तर रस्त्यावरचा वेल्डिंगवाला जोडून देतो. ॲल्युमिनियम तो जोडत नाही. ट्यूबसचे पोलादी कॅरिअर ४० किलोचे, किमतीला तसेच. कॅरिअरचे एम५ बोल्ट थरथरीने सैल होतात. निळं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा डिंक) लावून बसवा, ४ मिलिमीटर ॲलन कीने रोज सकाळी तपासा, दोन जादा बोल्ट बरोबर ठेवा. कॅरिअर तुटण्याआधी बहुतेक वेळा बोल्टच हरवलेला असतो.

स्पोक तुटतो तो मागच्या चाकाचा, चेनच्या बाजूचा. त्याच लांबीचे तीन स्पोक चेनस्टेला (चेनलगतच्या आडव्या नळीला) टेपने बांधून न्या. खरी अडचण पुढे आहे: ते बसवायला कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) काढावी लागते, आणि त्याचा पाना गावात नसतो. पाना नेत नसाल तर दोरीसारखा केव्लर स्पोक एक ठेवा, तो कॅसेट न काढता ओवता येतो आणि पुढच्या शहरापर्यंत पोचवतो.

पॅनिअर रोल-टॉप (तोंड गुंडाळून बंद होणारा) असो वा साधा, आत काळी मोठी कचऱ्याची पिशवी घालून तिच्यात कपडे भरा. ओर्टलीबच्या बॅक-रोलर क्लासिकची जोडी ४० लिटरची, वजन १.९ किलो, पाणी शिरत नाही. पावसाळ्याबाहेर एवढ्याची गरज नाही. कुठलाही पॅनिअर घ्या, त्याचे हुक कॅरिअरच्या नळीवर खडखडतात का हे दुकानातच हलवून बघा. खडखडणारा हुक तीन दिवसांत नळीचा रंग खातो आणि तिथूनच गंज धरतो.

फेरी आणि रेल्वे

आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ आणि गोव्यात शिरताना तेरेखोल–केरी: या फेऱ्यांवर चोरीचा प्रश्न नाही, सायकल पडण्याचा आहे. कुलूप लावू नका, बंजीने किंवा सुतळीने रेलिंगला बांधा आणि पुढच्या ब्रेकच्या मुठीवर जाड रबर चढवा, म्हणजे चाक फिरत नाही. बाजूला गाडी लागली तर घाईने हलवावी लागते, आणि कुलूप लावलेल्या सायकलचा मालक नेमका वरच्या डेकवर फोटो काढत असतो.

परतीला कोकण रेल्वेने सायकल लगेजमध्ये टाकत असाल तर चाकाला कुलूप अजिबात नको. पार्सलवाल्याला ती ढकलत न्यायची असते. ढकलता येत नाही ती सायकल तो उचलतो, आणि उचललेली सायकल आपटून ठेवली जाते. नाव, फोन आणि उतरायचं स्टेशन मार्करने पुठ्ठ्यावर लिहून फ्रेमला दोन ठिकाणी बांधा. पायडलजवळच्या आडव्या नळीच्या खाली कोरलेला फ्रेम नंबर आणि खरेदीची पावती यांचा फोटो फोनमध्ये हवा, हरवलीच तर तक्रार नोंदवताना पहिल्यांदा तेच विचारतात. दिवे, पंप, बाटल्या, मीटर आणि पॅनिअर काढून डब्यात स्वतःजवळ घ्या.